हाताखालची दोन वर्षे

कायद्याचे पुस्तक हाती आले की सामान्य वाचक व्याख्यांचे कलम ओलांडून पुढे जातो. आम्हां कचेरीतल्या माणसांची रीत उलट आहे. आम्ही आधी व्याख्या वाचतो. कारण पुढे कोणाला काय मिळावयाचे आणि कोणाला काय नाकारावयाचे, हे बहुधा तेथेच ठरून गेलेले असते. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या दुसऱ्या कलमात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे, हे सांगितले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता ज्याच्यापाशी आहे तो. अथवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर ज्याने 'चिकित्सा मानसशास्त्र' किंवा 'वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्र' या विषयात दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम पुरा केला आहे तो. या अभ्यासक्रमास कायद्याने एक अट जोडली आहे. त्यात पर्यवेक्षणाखाली घेतलेले रुग्णचिकित्सेचे शिक्षण असले पाहिजे.

या व्याख्येतील दोन गोष्टींनी आमचे लक्ष वेधले. 'वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्र' हे नाव दिल्लीच्या कोणा मसुदाकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. ते बंगळूरच्या होसूर रस्त्यावरील संस्थेतल्या एका जुन्या अभ्यासक्रमाचे नाव आहे. दुसरी गोष्ट पर्यवेक्षणाची. पर्यवेक्षण म्हणजे साध्या मराठीत कोणाच्या तरी हाताखाली काम करणे. सुताराच्या हाताखाली, वकिलाच्या हाताखाली, मुख्य लेखनिकाच्या हाताखाली माणसे तयार होतात, हे आपण जाणतो. परंतु मन दुखावलेल्या माणसाशी चार भिंतींच्या आत, तिसऱ्या कोणाच्याही कानावर न जाता जे बोलणे चालते, ते हाताखाली कसे शिकावे? वडीलधारा तेथे बसला तर रुग्ण बोलत नाही, आणि तो तेथे नसला तर शिकाऊ माणूस काय करतो हे त्यास कळत नाही. या पेचातून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जी वाट काढली गेली, तिचा इतिहास बराच मनोरंजक आहे. आणि त्या वाटेवरील एक मोठा टप्पा आपण राहतो त्याच शहरात आहे.

प्रारंभ मात्र व्हिएन्नामध्ये झाला. १९०२ पासून दर बुधवारी सायंकाळी फ्रॉइडच्या घरी चार-पाच डॉक्टर जमत आणि आपापल्या रुग्णांविषयी बोलत. पुढे १९०९ साली फ्रॉइडने घोड्याची भीती वाटणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. ती अनेकांनी वाचली असेल, पण तिच्यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्या मुलावर उपचार फ्रॉइडने केलेच नव्हते. ते मुलाच्या वडिलांनी केले. वडील घरी मुलाशी बोलत, बोलणे लिहून काढीत आणि फ्रॉइडपुढे ठेवीत. फ्रॉइड पुढची दिशा सांगे. उपचाराच्या काळात त्याने मुलास एकदाच पाहिले. न पाहिलेल्या रुग्णावर दुसऱ्याच्या हातून उपचार करविण्याची ही तऱ्हा, हेच आजच्या पर्यवेक्षणाचे मूळ रूप होय. तेव्हा त्यास कोणी तसे नाव दिले नव्हते, एवढेच.

नाव आणि नियम आले ते बर्लिनला. १९२० साली मॅक्स आयटिंगॉन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेथे एक चिकित्सालय उघडले. ऐपत नसलेल्यांस तेथे फुकट उपचार मिळत, आणि शिकाऊ मंडळींस हाताळावयास रुग्ण मिळत. या दोन गरजांच्या गाठीतून तीन अंगांची शिक्षणपद्धती बसली : शिकणाऱ्याने स्वतःचे विश्लेषण करवून घ्यावे, वर्गातील पाठ ऐकावेत, आणि आपले पहिले रुग्ण एखाद्या अनुभवी विश्लेषकाच्या नियंत्रणाखाली हाताळावेत. १९२५ साली आंतरराष्ट्रीय शिक्षणमंडळाची स्थापना झाली आणि ही बर्लिनची रीत बाहेर पसरू लागली.

त्या वेळी एक वाद उत्पन्न झाला, आणि तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. ज्याने शिकाऊ माणसाच्या मनाचा तळ पाहिला, त्यानेच त्याच्या रुग्णांच्या कामावर देखरेख करावी, असे बुडापेस्टच्या मंडळींचे म्हणणे. ही दोन कामे दोन निरनिराळ्या माणसांनी करावीत, असे व्हिएन्ना-बर्लिनकरांचे म्हणणे. सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या वाचकास या वादाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे, त्याच्यापुढे जाऊन 'साहेब, अमुक कागदावर माझे चुकले' असे आपण होऊन सांगणारा लेखनिक किती वेळा आढळतो? (तो अहवाल संबंधितास दाखविण्याची पद्धत आपल्याकडे २००९ सालापासून पडली, तरी मनातली धास्ती गेली असे नाही.) शिकाऊ मानसोपचारकाचेही तेच. ज्या बैठकीत त्याची तारांबळ उडाली, ज्या रुग्णाचा त्यास मनातून राग आला, नेमक्या त्याच गोष्टी पर्यवेक्षकाला कळणे अवश्य असते; आणि पर्यवेक्षकच उद्या परीक्षक होणार असेल तर नेमक्या त्याच गोष्टी दडविल्या जातात. दडविल्या की नुकसान होते ते मात्र खोलीत नसलेल्या त्या तिसऱ्या माणसाचे, म्हणजे रुग्णाचे.

परवान्याचा प्रश्नही त्याच सुमारास उभा राहिला. १९२६ साली थिओडोर राइक या फ्रॉइडच्या शिष्यावर व्हिएन्नात वैदूगिरीचा आरोप आला, कारण तो तत्त्वज्ञानशाखेचा डॉक्टर होता, वैद्यकाचा नव्हे. त्याच्या बाजूने फ्रॉइडने त्याच वर्षी एक संपूर्ण पुस्तक लिहिले. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा, की वैदू कोणास म्हणावे हे पदवीवरून ठरवू नये. आवश्यक ते शिक्षण न घेता जो उपचार करतो तो वैदू, मग तो वैद्यकातील पदवीधर का असेना. १९२७ साली खटला मागे पडला. परंतु पदवी पाहावी की तयारी, हा प्रश्न मागे पडला नाही. आपल्या देशात तर तो आजही टेबलावर आहे.

हिंदुस्थानात या विद्येचा पाया घातला तो कोणाच्याही हाताखाली न बसलेल्या माणसाने, हे एक नवलच म्हणावे लागेल. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडचे ग्रंथ वाचून आणि स्वतःच्या रुग्णांवरून आपली पद्धत बसविली, १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण सभा स्थापिली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुष्कळ वर्षे चालला. दोघांची भेट कधी झाली नाही. एकलव्याची उपमा येथे सहज सुचते, पण ती पुरती लागू पडत नाही. बोस यांचा अंगठा शाबूत राहिला आणि पत्रांतून ते आपल्या द्रोणाचार्यांशी मतभेदही मांडीत राहिले.

मुंबईकडे दुसरीच वाट निघाली. १९३६ साली नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. १९३७ साली तेथे बालमार्गदर्शन केंद्र निघाले. या विद्यालयाने अमेरिकेच्या समाजकार्य-शिक्षणातील एक शिस्त बरोबर आणली : विद्यार्थ्याने आठवड्यातील काही दिवस वस्तीत किंवा इस्पितळात काम करावयाचे, झालेले बोलणे तपशीलवार लिहून काढावयाचे, आणि तो लेख घेऊन पर्यवेक्षकासमोर एकट्याने बसावयाचे. चाळीतल्या बाईशी झालेले बोलणे शब्दशः लिहून आणणाऱ्या या विद्यार्थ्यांची गणना मनोवैज्ञानिकांत कोणी केली नाही. परंतु व्हिएन्नाच्या दिवाणखान्यातील जी रीत कलकत्त्याला तशीच्या तशी रुजली नव्हती, तिचा धाकटा भाऊ भायखळ्याच्या आसपास रोज पायपीट करीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता बंगळूर. येथील वेड्यांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकातले. म्हैसूर सरकारने १९२५ साली त्याचे नाव बदलून 'मानसिक रुग्णालय' असे केले, आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत ते गावाबाहेर होसूर रस्त्यावरच्या प्रशस्त आवारात हलविले. पुण्यात थट्टेने 'येरवड्याला पाठवा' म्हणतात, मुंबईत 'ठाण्याला' म्हणतात, तसे बंगळूरकर या रस्त्यावरच्या संस्थेचे नाव घेतात. थट्टा सगळीकडे सारखीच. संस्था मात्र सारख्या नाहीत. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा चाळीस कोटींच्या हिंदुस्थानात मानसिक रुग्णांसाठी खाटा होत्या सुमारे १०,०००, आणि त्या रुग्णांना सांभाळणारी शिकलेली माणसे तर हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. समितीने खाटांबरोबरच शिक्षणाची मागणी केली. त्या शिफारशीचे फळ म्हणून २७ डिसेंबर १९५४ रोजी म्हैसूरच्या या रुग्णालयाला लागून केंद्र सरकारची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उघडली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक. रुग्णालय राज्याचे, संस्था केंद्राची, आवार एक : ही व्यवस्था वीस वर्षे चालली, आणि १९७४ साली दोहोंच्या मीलनातून आजची 'निम्हान्स' जन्मास आली. एका आवारात दोन सरकारे वीस वर्षे कशी नांदली असतील, याची कल्पना आमच्या वाचकांइतकी दुसरा कोणी करू शकणार नाही.

१९५५ साली या संस्थेत दोन पदविका सुरू झाल्या. एक डॉक्टरांसाठी, मनोविकारचिकित्सेची. दुसरी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी, वैद्यकीय मानसशास्त्राची. मुदत दोन वर्षे. ही दुसरी पदविका म्हणजे आपल्या विषयाचा कणा. वैद्यक न शिकलेल्या माणसास रुग्णालयात नियमित शिक्षण देऊन तयार करण्याची देशातली ही पहिली मोठी योजना होती. पुढे तिच्या नावात 'सामाजिक' हा शब्द शिरला आणि १९७८ साली पदविकेची एम.फिल. झाली. १९६२ पासून रांचीलाही असाच अभ्यासक्रम सुरू झाला, आणि दीर्घ काळपर्यंत देशातले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे बंगळूरचे तरी किंवा रांचीचे तरी, अशी स्थिती राहिली.

आरंभी या मंडळींकडून अपेक्षा होती ती चाचण्यांची. मनोविकारतज्ज्ञाने रुग्ण पाठवावा आणि मानसशास्त्रज्ञाने त्याची बुद्धी, स्मृती, व्यक्तिमत्त्व मोजून अहवाल द्यावा. या कामी एक हत्यार आपल्या ओळखीच्या मुलखातले होते. फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापनाचे हिंदी मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले ते कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर तपासून. त्याविषयीचा त्यांचा लेख १९३४ साली आणि पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि तेथील एका शाळेत मराठी पोर व शेजारच्या शाळेत कानडी पोर, हा योग त्या भागातच जुळण्यासारखा होता. भाषावार प्रांतरचनेने पुढे नकाशा बदलला; 'बिने-कामत' चाचणी मात्र दोन्ही बाजूंस चालत राहिली.

चाचणी शिकविणे सोपे. प्रश्न छापलेले, गुणांचे कोष्टक तयार, आणि शिकाऊ माणसाने घेतलेली चाचणी वरिष्ठास पुन्हा तपासता येते. मानसोपचाराचे तसे नाही. तेथे छापील उत्तरपत्रिका नसते. म्हणून या दोन वर्षांची खरी घडण पाहावयाची तर ती उपचारांच्या देखरेखीत पाहावी. शिकाऊ उमेदवार वॉर्डात किंवा बाह्यरुग्ण विभागात नव्या रुग्णाची हकीकत घेतो. ही हकीकत म्हणजे चार ओळींचे टिपण नव्हे. जन्मापासूनचा वृत्तान्त, घरातल्या माणसांचे परस्परसंबंध, शिक्षण, नोकरी, विवाह, दुखणे कोठे सुरू झाले आणि घरच्यांनी त्यावर काय काय केले, अगदी देवऋषी आणि नवससायास धरून, सारे लिहावयाचे. मग मनःस्थितीची तपासणी. मग हे सर्व वरिष्ठांसमोर, सहाध्यायांच्या देखत, उभे राहून मांडावयाचे आणि प्रश्नांना तोंड द्यावयाचे. उपचार सुरू झाले की प्रत्येक बैठकीनंतर आठवून आठवून वृत्तान्त लिहावयाचा आणि ठरल्या वेळी पर्यवेक्षकापुढे बसावयाचे. 'रुग्ण रडू लागला तेव्हा तुम्ही विषय का बदललात?' असा एखादा साधा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसते.

टिपणी लिहून वर पाठविणे आणि शेऱ्यासह ती परत येणे, हा आमचा रोजचा व्यवहार. त्यावरून आम्हांस असे वाटते की लिहून काढण्याच्या सक्तीतच निम्मे शिक्षण आहे. आठवणीतून लिहिताना माणूस काय गाळतो, हेच चांगला पर्यवेक्षक आधी पाहतो.

परंतु बंगळूरच्या या पद्धतीत एक अडचण अशी आहे की जी बर्लिनला कधी आली नाही. तेथे रुग्ण, शिकाऊ आणि पर्यवेक्षक तिघांची भाषा बहुधा एकच होती. येथे रुग्ण कोलारचा, बिदरचा, बेळगावचा किंवा कृष्णगिरीचा. शिकाऊ उमेदवार केरळचा, दिल्लीचा किंवा बंगालचा. आणि पर्यवेक्षकापुढचे बोलणे इंग्रजीत. म्हणजे रुग्णाचा शब्द दोन उंबरे ओलांडून पर्यवेक्षकापाशी पोहोचतो. एक उदाहरण घेऊ. कानडी माणूस 'बेजारु' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मन उदास झाले आहे, कंटाळा आला आहे, वाईट वाटते आहे, यांपैकी काहीही असू शकतो. मराठी माणूस 'बेजार झालो' म्हणतो तेव्हा तो कोणाच्या तरी किंवा कशाच्या तरी जाचाने टेकीस आलेला असतो. शब्द एकच, फारसीतून दोघांकडे आलेला. पण एक मनाची कळा सांगतो आणि दुसरा कोणी छळले ते सांगू पाहतो. इंग्रजी वृत्तान्तात दोन्हीचे रूपांतर एकाच वैद्यकीय शब्दात होऊन जाते. 'जीव लागत नाही', 'छातीत धडधडते', 'डोके भणभणते' यांची तऱ्हा हीच. सीमाभागातली एखादी मावशी आपल्या सुनेविषयी जे बोलते ते इंग्रजीत उतरवून दाखवावे, म्हणजे पर्यवेक्षकापर्यंत काय पोहोचते आणि काय वाटेत गळते याचा अंदाज येईल. या बाबतीत संस्थेने आपल्या उमेदवारांना स्थानिक भाषा बोलावयास लावले, हे योग्यच झाले. मात्र बोलीतले दुःख बोलीतच पर्यवेक्षकासमोर मांडता येईल अशी सोय सर्वत्र झालेली नाही.

भाषेपेक्षाही खोल असलेला भेद बंगळूरच्याच डॉ. एन. सी. सूर्य आणि त्यांचे सहकारी जयराम यांनी १९६४ साली एका छोट्या लेखात मांडला. त्यांचे निरीक्षण असे, की भारतीय रुग्ण उपचारकाकडे मनाच्या अंतरंगाचे स्पष्टीकरण मागावयास येत नाही. तो घरातल्या वडीलधाऱ्याकडे यावे तसा आधार मागावयास येतो, वेळेचे बंधन पाळीत नाही, आणि उपचारकास आपल्या नात्यात ओढून घेतो. पश्चिमेच्या पुस्तकावर वाढलेल्या शिकाऊ माणसाने अशा वेळी काय करावे? 'काका' म्हणणाऱ्यास दूर ठेवावे की जवळ करावे? हा निर्णय एकट्याने घेण्याजोगा नव्हे. नंतर १९७३ साली चंडीगढचे डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी गुरु-चेला संबंधाकडे उपचाराचा एक नमुना म्हणून पाहावे, असे सुचविले. तो विचार फार गाजला. आम्हांस मात्र त्यात एक सावधगिरी हवी असे वाटते. गुरूपुढे चेला नतमस्तक होतो आणि गुरूला शंका विचारणे हा कित्येक परंपरांत प्रमाद ठरतो. ही नम्रता पर्यवेक्षणात उतरली की शिकाऊ माणूस ऐकण्याचे काम उत्तम करतो, पण आपली फसगत सांगण्याचे काम करीत नाही. बुडापेस्टचा वाद येथे वेगळ्या वेषात पुन्हा हजर होतो.

आता परवान्याकडे वळू. १९६८ साली चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना झाली, पण संघटनेचे सभासदत्व म्हणजे सरकारी मुद्रा नव्हे. ती मिळाली १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने. अपंगांच्या पुनर्वसनासाठी झालेल्या या कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञही घेतले गेले, मध्यवर्ती नोंदवही आली, आणि नोंदणीवाचून काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. (हजार रुपयांचा धाक १९९२ सालीही फारसा मोठा नसावा.) मानसोपचारकाची गाठ पुनर्वासाशी कशी पडली, याचे उत्तर त्याच्या शास्त्रात शोधू नये, ते मंत्रालयांच्या कामवाटपात शोधावे.

या नोंदणीचा आणि पर्यवेक्षणाचा संबंध आपल्याकडे विशिष्ट प्रकारचा आहे, आणि या लेखात आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. अमेरिकेत पदवी आणि परवाना यांच्यामध्ये एक लांब पट्टा असतो. कॅलिफोर्नियात कुटुंबोपचारकास पूर्ण परवान्यापूर्वी ३,००० तास देखरेखीखाली काम केल्याचा हिशेब द्यावा लागतो. तोवर तो सहयोगीच. इंग्लंडात तेथील समुपदेशकांची मोठी संघटना आपल्या सभासदांकडून, मग ते कितीही जुने असोत, दरमहा किमान दीड तासाच्या पर्यवेक्षणाची अपेक्षा ठेवते. म्हणजे निवृत्तीपर्यंत कोणाच्या तरी हाताखाली. आपल्याकडे हाताखालचा सारा काळ त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोंबलेला आहे. परीक्षा झाली, नोंदणी झाली, की दुसऱ्या दिवसापासून माणूस एकटा. एक वर्षाच्या व्यावसायिक पदविकेवरची 'सहयोगी' नोंदणी हा यास थोडासा अपवाद. त्या माणसाने पूर्ण पात्रतेच्या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीच काम करावयाचे असते. आमच्या नोकरीत दोन वर्षांची परिवीक्षा संपल्यावरही लेखनिकाच्या डोक्यावर विभागाधिकारी असतो. मानसोपचारकाच्या डोक्यावर मात्र कोणी नाही.

बंगळूरची ही पद्धत कसदार होती यात शंका नाही. पण तिची किंमतही होती. एका पर्यवेक्षकामागे मोजकेच उमेदवार बसू शकतात, म्हणून जागा थोड्या; जागा थोड्या म्हणून नोंदणीकृत माणसे थोडी. निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत उपचारांची गरज असलेल्यांची संख्या सुमारे १५ कोटी निघाली, आणि बहुतेक विकारांत दहांपैकी सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही पोकळी रिकामी राहत नाही. 'समुपदेशक' अशी पाटी लावावयास कायद्याची हरकत नव्हती, आणि त्या पाट्यांखाली अत्यंत तळमळीची माणसेही बसली आणि चार रविवारांचा वर्ग केलेली माणसेही बसली. दाराबाहेरून दोघे सारखेच दिसतात.

या कोंडीतून वाट काढण्याचा एक प्रयोग गोव्यात झाला. 'संगाथ' या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना थोड्या अवधीचे शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्यकेंद्रांत समुपदेशनास बसविले. त्यांच्या कामाचे निष्कर्ष २०१० साली आणि पुन्हा २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि शासकीय केंद्रांतील रुग्णांना त्याचा उपयोग झालेला दिसला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत. ती मुद्रणे सर्वजण एकत्र बसून ऐकत, आणि बरोबरीच्याच सहकाऱ्याच्या कामाला गुण देत. सुरुवातीस तज्ज्ञ बरोबर असत, मग हळूहळू बाजूला होत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की या साध्या माणसांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्याच अंशी जुळत होते. शिवाय त्या भाषेला दोन उंबरे ओलांडावे लागत नव्हते. कोंकणीतले बोलणे कोंकणी समजणारी माणसेच ऐकत होती. आणि बरोबरीच्या माणसाच्या हाती कोणाचा गोपनीय अहवाल नसतो.

इकडे बंगळूरच्या जुन्या पद्धतीची चौकटच हलली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एम.फिल. ही पदवी रद्द ठरविली आणि २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ती बंद झाली. धोरण ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रबंध लिहिणारी एम.फिल. होती; रुग्णांच्या उशाशी बसून केलेली एम.फिल. त्यांना आठवली ती नंतर. मग चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत देण्यात आली. दरम्यान २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक व समाजकार्यकर्ते आपल्या परिशिष्टात घेतले आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ पुनर्वास परिषदेकडेच ठेवले. एकाच खोलीत एकाच दुःखाशी बोलणारी माणसे अशा रीतीने दोन नोंदवह्यांत विभागली गेली.

पदवीचे नाव बदलते तेव्हा अभ्यासक्रमाचे कागद नव्याने लिहिले जातात, हे आम्ही अनुभवाने जाणतो. विषयांची नावे, गुणांची वाटणी, हजेरीचे शेकडे नव्या कागदावर सहज उतरतात. आठवड्यातला तो एक तास, ज्यात लिहिलेले बोलणे घेऊन एक माणूस दुसऱ्यापुढे बसतो, तो कोणत्या स्तंभात उतरवावा हे कोणास सुचत नाही. कारण त्याला ना पाठ्यपुस्तक, ना स्वतंत्र खोली, ना वेगळे वेतन. २०१७ च्या कायद्याने तो एका शब्दसमूहात बांधून ठेवला खरा, पण ज्या पदवीच्या खुंटीला तो बांधला ती खुंटीच निघाली.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली, आणि तिचे मध्यवर्ती केंद्र म्हणून निम्हान्सचीच योजना झाली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की पलीकडून एखादा तरुण समुपदेशक बोलतो, मराठीतही बोलतो. रात्री दोन वाजता बिदरहून किंवा बुलढाण्याहून कोणी फोन करतो आणि तो मुलगा किंवा मुलगी एकट्याने ते ऐकून घेते. त्याच्या मागे मनोविकारतज्ज्ञांची दुसरी फळी उभी केलेली आहे, कठीण प्रसंगी फोन तिकडे वळविता येतो. परंतु जो फोन वळवावा लागला नाही, जो ऐकून संपला आणि तरीही सकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही, तो कोणापुढे आणि कोणत्या भाषेत मांडावयाचा, याचे उत्तर होसूर रस्त्यावरील त्या आवारालाच पुन्हा द्यावे लागणार आहे.